फळीवरचे पाय

सायीच्या वड्यांचा पाक ताटलीत ओतला की ताटलीला हात लावायचा नाही. हलवली की वड्या रवाळ होतात.

*

संगणकाला पाय नसतात. गाणं ऐकून पाय हलवायचा म्हणजे काय, हे त्याला पहिल्यापासून शिकवावं लागतं.

*

ओनेझिममामाच्या एका चालीत एक मात्रा जास्त आहे. का, असं विचारलं की तो म्हणायचा, "खिशात उरली होती. टाकली."

*

जंगलात तोडलेला ओंडका गुडघ्यावर पडला तर तो गुडघा हिवाळाभर वाकत नाही.

*

पितळी पाटीवर एकदा कोरलेलं पुसता येत नाही. पाटीला मागची बाजू मात्र असते.

*

माझी आई बिबियान चर्चमध्ये पुढच्या बाकावर कधी बसत नाही. तिचे पाय गप्प राहत नाहीत.

टाच

माँट्रियालच्या उत्तरेला, आमच्या लानोदिएरमध्ये, व्हायोलिन वाजवणारा बसून वाजवतो. कडक तळाचे बूट, बुटाखाली मेपलची फळी. हात गज ओढत असतात आणि त्याच वेळी दोन्ही पाय फळीवर ठेका धरतात, ट-का-टक, ट-का-टक. ज्याचे हात चांगले त्याचं लोक कौतुक करतात. ज्याचे पाय चांगले त्याला लोक घरी बोलावतात.

ओनेझिममामाचे पाय म्हणजे दंतकथा. १९७१ च्या नोव्हेंबरात शहरातून एक माणूस जड टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि त्याने मामाच्या स्वयंपाकघरात ती जादा मात्रेची चाल टिपून घेतली. पुढे तिची तबकडी निघाली. वेष्टणावर छापलं होतं, 'व्हायोलिन आणि पाय: ओनेझिम'. तेव्हापासून नदीच्या दोन्ही काठांवरची पोरं त्या टेपेवरून पाय शिकतात. व्हायोलिनसाठी ती टेप कुणी लावत नाही, पायांसाठी लावतात.

दरवर्षी नववर्षाच्या जेवणाला, दुसऱ्या पेल्यानंतर, आई म्हणायची, "हात माझ्या भावाचे. पाय माझे."

"हो हो, बिबियान," टेबलावरून कुणीतरी म्हणायचं, "आणि समोरची खिम्याची टूर्तिएर पोपने भाजली."

सगळे हसायचे. आईही हसायची. पुढच्या वर्षी पुन्हा म्हणायची.

मग गावाने सभागृहाचा रंगमंच नवा करायला घेतला. समितीचा प्रमुख होता जेर्वे, ओनेझिममामाचा मुलगा, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवतो. त्याने बापाच्या स्वयंपाकघरातली ती फळी मंचाच्या मधोमध बसवायची ठरवली आणि तिच्या कडेला लावायला पितळी पाटी करून घेतली: 'या फळीवर ओनेझिमचे पाय वाजले.'

आईचा मला माँट्रियालला फोन आला.

"सोलांज, तू तिकडे नक्की करतेस काय?"

"तुला माहीत आहे, आई."

"कॉम्प्युटरला ठेका पकडायला शिकवतेस."

"हो."

"मग विचार तुझ्या कॉम्प्युटरला, त्या फळीवर कोण बसलंय ते."

"असं नाही विचारता येत त्याला."

"मग काय कामाचा तो? शिकून शिकून माझ्या चुलतभावाच्या कुत्र्याएवढंही कळत नाही त्याला? कुत्रा माझी पावलं ओळखतो. हे बघ. मला हार नको, भाषण नको. जन्मभर तुम्ही सगळे हसलात, मीही हसले. पण हसणं जेवणाच्या टेबलावर असतं, उचलून ठेवता येतं. पाटी खिळ्यांनी ठोकतात. माझे पाय दुसऱ्याचे म्हणून ठोकू नका."

पंजा

माझं काम सांगते.

संगणक संगीत ऐकत नाही. आवाज कुठे एकदम उसळतो एवढंच तो बघतो. गज तारेवर बसला, टाच फळीवर आपटली, की तिथे खूण करतो. मग त्या खुणांमध्ये सारख्या अंतरावरच्या कोणत्या आहेत ते शोधतो. अंतर सापडलं की त्याला घट्ट धरतो, आणि पुढची उसळी कुठे यायला हवी ते आधीच ठरवून वाट बघतो. माणूसही बहुधा हेच करतो. फक्त माणसाला वाट बघताना मजा येते.

संगणक चुकतो तोही ठरलेल्या तऱ्हांनी. दुप्पट वेगाने मोजतो, नाहीतर निम्म्या. किंवा दोन ठोक्यांमधली रिकामी जागाच ठोका धरून बसतो आणि शेवटपर्यंत मोठ्या आत्मविश्वासाने भलत्याच जागी मान डोलावतो, लग्नात प्यायलेल्या मेहुण्यासारखा.

असे प्रोग्राम तपासायला आमच्याकडे गाण्यांचा एक संग्रह आहे. प्रत्येक गाण्यावर आधी माणसांनी बटण दाबत ठेका दाखवलेला असतो. प्रोग्रामचं उत्तर त्याच्याशी ताडून बघायचं. फार वर्षांपूर्वी मी त्या संग्रहात मामाची टेप टाकली होती. उगाच, घरचं काहीतरी असावं म्हणून. माणसं तिच्यावर सहज पास झाली, त्यांचे पाय आपोआप हलले. प्रोग्राम सगळे नापास. देशोदेशीच्या प्रयोगशाळांतून आलेले शहाणे प्रोग्राम, एकूण एक. माझाही. बाहेरचं कुणी आलं की मी ती टेप दाखवायचे आणि माझी मान ताठ व्हायची. आमच्या गावच्या स्वयंपाकघराने सगळ्यांना चकवलं होतं.

जादा मात्रेमुळे चकतात, असं आम्ही गृहीत धरलं होतं. चार-चारच्या हिशोबात मध्येच एक पाचवी आली की कोणीही गोंधळेल.

शेजारच्या टेबलावर विल्नेर बसतो. त्याचे आईवडील हैतीहून आले, तो स्वतः ढोल वाजवतो, आणि माझं जेवण माझ्याआधी उघडून बघतो. आईचा फोन आला त्या दुपारी मी त्याला सगळा किस्सा सांगितला, हसत हसत.

तो हसला नाही. माझ्या डब्यातली लोणच्याची काकडी चावत म्हणाला, "एक मिनिट. तुझी आई म्हणते तिथे दोन माणसं होती."

"दरवर्षी म्हणते."

"आणि सगळे प्रोग्राम त्या टेपेवर गोंधळतात, कारण त्यांना एका गाण्यात एकच ठेका शोधायला सांगितलेलं असतं."

"तो जादा मात्रेमुळे…"

"गोंधळ मात्रेच्या आधी सुरू होतो की नंतर?"

मी पडद्यावर बघितलं. हजारदा बघितलेलं होतं. गोंधळ आधी सुरू होत होता. कितीतरी आधी.

"वा," विल्नेर म्हणाला. "आई सांगते दोघं. यंत्र सांगतं दोघं. आणि मॅडम म्हणतात, यंत्रही चुकतं आणि आईही."

"तू माझी काकडी खाल्लीस."

"विषय बदलू नको."

त्या आठवड्यात मी टेपेतला आवाज उभा चिरला. फळीचा आवाज खालचा, जाड. तारेचा वरचा, बारीक. दोन्ही वेगळे काढता येतात. खालच्याला वेगळा संगणक लावला, वरच्याला वेगळा, आणि दोघांनाही सांगितलं, तुला जे ऐकू येतं तेवढंच मोज, शेजाऱ्याचं बघू नको. दोघेही पहिल्या फटक्यात पास झाले. संग्रहातलं सगळ्यात अवघड गाणं एकाएकी लहान मुलाच्या बडबडगीताएवढं सोपं झालं.

मग मी दोघांच्या रेघा एकावर एक काढल्या. लाल रेघ हाताची, निळी पायांची.

लाल रेघ जरा पुढे धावायची. निळी जागेवर राहायची, मग थोडी सरकून तिला गाठायची. लाल मागे पडायची. निळी थांबायची नाही, नुसती सैल व्हायची. अरुंद पायवाटेवरून दोन माणसं बोलत बोलत चालली आहेत असं ते दिसत होतं.

विल्नेर बराच वेळ बघत राहिला. "एकटा वाजवणारा चुकला की अख्खा चुकतो," तो म्हणाला. "हात गडबडला की पायही गडबडतो. डोकं एकच ना. इथे एक चुकतंय आणि दुसरं सावरतंय."

मी आईला फोन केला.

"कॉम्प्युटरने सांगितलं का?" तिने विचारलं.

"सांगितलं."

"बरं झालं. त्याला माझा नमस्कार सांग."

दुसरी टाच

जेर्वेच्या स्वयंपाकघरात मी लॅपटॉप उघडला. समितीची बैठक नको, आधी त्याला एकट्याला दाखवू, असं मीच म्हटलं होतं. आई यायची नव्हती. आली. दाराशी खुर्ची घेऊन बसली आणि अंगातला कोट काढला नाही.

"कोट काढ की, आत्या," जेर्वे म्हणाला.

"मला जास्त थांबायचं नाहीये."

मी रेघा दाखवल्या. काय काय केलं ते सांगितलं. जेर्वे दोन्ही हात टेबलावर ठेवून बघत होता. त्याचे हात बापासारखेच आहेत, रुंद, नखांच्या कडेला राळ बसलेली.

"म्हणजे या रेघा म्हणतात, माझ्या बापाला पाय नव्हते."

"तसं नाही म्हणत."

"मग काय म्हणतात?"

"त्या दिवशी हात एका माणसाचे होते आणि पाय दुसऱ्याचे. एवढंच. कुणाचे ते यंत्राला माहीत नाही."

"मग कुणाचे? मांजराचे?"

"घरात तीन माणसं होती," आई दारातून म्हणाली. "तुझा बाप, मी, आणि तो शहरातला. शहरातल्याला पेन्सिलसुद्धा ठेक्यात आपटता येत नव्हती. तू शाळेत होतास. तुझ्या बापाचा गुडघा सुजून भोपळा झाला होता, ओंडका पडून."

"ओंडका पुढच्या वर्षी पडला, आत्या."

"गुडघा तुझा होता का?"

"बाप माझा होता!"

खिडकीबाहेर कुणाचा तरी लाकडं फोडायचा आवाज येत होता आणि मला सवयीने त्यातलं अंतर मोजावंसं वाटत होतं.

जेर्वेने आवाज खाली आणला. "सोलांज, तू हे मनापासून केलंयस, मला दिसतंय. पण तू माझ्या बापाला ओळखत नाहीस. मी त्याच्या खुर्चीखाली खेळत वाढलो. त्याचे हात आणि पाय एकमेकांचं ऐकतच नव्हते. दोन डोकी होती त्याला. तुझ्या यंत्राला वाटत असेल दोन माणसं. होता एकच, पण तसला." तो उठला. "थांब. तुला खरे पाय ऐकवतो."

तो आतून एक कॅसेट घेऊन आला. अठराव्या वर्षी पहिल्या पगारातून त्याने रेकॉर्डर घेतला होता आणि मेपलचा पाक उकळायच्या खोपटात बापाला एकट्याला बसवून तीच चाल टिपून ठेवली होती. आई तेव्हा माँट्रियालला शिवणकामाच्या कारखान्यात होती. याबद्दल दोघांचंही एकमत झालं, त्या दुपारचं पहिलं. कॅसेट त्याने कधी कुणाला ऐकवली नव्हती. माझ्या हातात देताना तो तिची कड सोडत नव्हता.

"तुझ्या यंत्राला हे दे," तो म्हणाला. "मग बोल."

जेर्वेने जुना प्लेअर आणला, मी वायर जोडली. पाक उकळण्याचा आवाज आधी आला, मग मामाचा खोकला, मग चाल.

आम्ही तिघं ऐकत राहिलो. पाय होते. खणखणीत होते. ट-का-टक, ट-का-टक. जेर्वेची मान वर गेली आणि मला त्या क्षणी त्याच्यासाठी बरंच वाटलं. मी खालचा आवाज वेगळा काढला, वरचा वेगळा काढला, रेघा मांडल्या.

लाल आणि निळी, एकीवर एक. लाल पुढे धावली, निळीही तिच्याबरोबर धावली. लाल मागे पडली, निळीही पडली. जादा मात्रेपाशी हात किंचित अडखळला आणि नेमके तिथेच, तेवढेच, पायही अडखळले.

जेर्वेने डाव्या बाजूला कॅसेटच्या रेघा ठेवल्या, उजव्या बाजूला टेपेच्या. पुन्हा टेपेच्या. मग त्याने मला कॅसेटमधली ती जादा मात्रा परत लावायला सांगितली. मी लावली. आणखी एकदा. तो हसायला लागला, आधी नाकातून, मग पोटातून.

"चुकला की अख्खा चुकायचा," तो म्हणाला. "बघ ना. हात, पाय, सगळं एकदम खड्ड्यात. ट्रकही असाच चालवायचा."

"तसाच होता," आई म्हणाली. "अर्धं काही करायचाच नाही."

"हे त्याचे पाय आहेत."

"हेच त्याचे."

"वाईट नाहीत."

"कोण म्हणतं वाईट? माझ्या भावाचे पाय चांगले होते." आईने जराशी वाट बघितली. "माझे जास्त चांगले होते."

जेर्वेने डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं की कसलं, मी बघितलं नाही. मग तो आईकडे वळला. "त्या मात्रेपाशी तू काय करत होतीस, आत्या? टेपेवर? तिथे बाप दरवेळी अडखळायचा. टेपेवर हात अडखळतो, पण ऐकणाऱ्याला कळत नाही."

"काही करत नव्हते. तिथे तो घाबरायचा. स्वतःच टाकलेली मात्रा, आणि स्वतःच घाबरायचा. मी टाच जरा जोरात मारायचे, म्हणजे त्याला कळायचं की जमीन आहे."

"आणि तू कुठे बसली होतीस?"

"डावीकडे. खुर्ची टेबलापासून लांब ओढून. जवळ बसवत नव्हतं तेव्हा."

"बाप बोलला का नाही कधी?"

आईने खांदे उडवले. "तबकडी आली तेव्हा त्याने मला स्वयंपाकघरात नेलं आणि वेष्टण दाखवलं. म्हणाला, 'बिबियान, यांनी घोटाळा केलाय.' मी म्हटलं, 'असू दे, तुझी तबकडी आहे.' तेव्हा मी बावीस वर्षांची होते. बाविसाव्या वर्षी माणूस 'असू दे' म्हणतो."

जेर्वे उठून चुलीवरच्या किटलीकडे गेला. आईने कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"साखर दोन," ती म्हणाली.

ट

पाटी जेर्वेने पुन्हा कोरून आणली. नवी नाही, तीच, उलटी करून. मला ते आवडलं. ओनेझिमचे पाय आता आतल्या बाजूला आहेत, लाकडाला लागून, आणि बाहेरच्या बाजूला लिहिलं आहे: 'हात ओनेझिमचे. पाय बिबियानचे. याच फळीवर.'

ऑक्टोबरात सभागृह भरलं. नदीपलीकडचेही आले, त्यांच्यातले निम्मे जण त्या टेपेवरून पाय शिकलेले. विल्नेर माँट्रियालहून आला आणि त्याने आईच्या सायीच्या वड्या अशा काही खाल्ल्या की बायकांनी त्याला घेराव घातला. आईने त्याला विचारलं, "तूच का तो काकडीवाला?" तो म्हणाला, "मीच. आणि तुम्ही त्या, ज्यांच्यामुळे आमचे सगळे प्रोग्राम नापास झाले." आईने हे शेजारच्या बाईला सांगितलं. तिने पलीकडच्या बाईला. दहा मिनिटांत अख्ख्या सभागृहाला कळलं होतं की बिबियानने जगातले सगळे कॉम्प्युटर हरवले. मी दुरुस्ती करायला गेले नाही. तपशिलात फारशी चूकही नव्हती.

जेर्वेने भाषण केलं नाही. फळीवर त्याने दोन खुर्च्या मांडल्या. एक मध्ये, एक डावीकडे.

आईने घरचे जोडे काढून पिशवीतले कडक तळाचे काळे बूट घातले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मंचावर वाकून बुटाची नाडी बांधत होती आणि तीनशे माणसं गप्प बसून बघत होती. मग ती सरळ झाली, हात मांडीवर ठेवले. जेर्वेने गज उचलला.

मी पुढच्या बाकावर होते. माझ्यासमोर लॅपटॉप नव्हता. पहिल्या चार ठोक्यांत मी अंतर धरलं, सवयीने, आणि मग सोडून दिलं, कारण माझे पाय हलायला लागले होते. आजूबाजूला सगळ्यांचेच. मागच्या रांगेतून कुणीतरी पोरगी म्हणाली, "अगं, हे तेच आहे! टेपेवरचं तेच!" आणि तिला कुणीतरी गप्प केलं.

जादा मात्रा आली. जेर्वे बापाचाच मुलगा. हात किंचित अडखळला. आईने त्याच्याकडे बघितलंही नाही. टाच जराशी जोरात पडली. हात परत जागेवर आला आणि चाल पुढे गेली, जणू रस्ता तिथे मुळातच सरळ होता.

संपल्यावर लोक उभे राहिले. जेर्वेही उभा राहिला. आई बसूनच होती. ती खाली वाकली आणि मला वाटलं नाडी सोडते आहे. तिने नुसता तळहात फळीवर ठेवला, ताटलीतल्या वड्या थंड झाल्या का ते बघावं तसा, आणि उचलला.

मी १९७२ च्या जानेवारीत जन्मले, त्या टेपेनंतर दोन महिन्यांनी.